दार क्रमांक तीन

डिसेंबरात केमीला दुपारी दोनलाच दिवेलागण होते.
लिफ्टदुरुस्तीची कामं उरकून मी घरी येते,
बुटांतला बर्फ झटकते
आणि जुन्या बाजारात दोन युरोला मिळालेली सीडी
संगणकात सरकवते.
'एक हजार नवे नकाशे', असं वर छापलंय.
हजार नाहीत. मोजले मी. सहाशे बारा.
त्यातले निम्मे उघडत नाहीत.

हे कंपनीने केलेले नव्हेत,
पोरांनी केलेले आहेत,
गृहपाठाच्या वहीखाली आलेखाचा कागद लपवून.
एकात एकच खोली आणि चाळीस राक्षस:
शिरलात की मेलात.
एकात कुणीतरी आपली शाळा उभी केलीय,
सगळ्यात मोठी तोफ मुख्याध्यापकांच्या टेबलावर.
एकात मला चकवा लागला,
तासभर फिरून फिरून त्याच हिरव्या भिंतीपाशी.
बाहेरची वाट ठेवलेलीच नव्हती.
विसरला असेल. जेवायला हाक आली असेल.

काल एकशे सत्त्याऐंशीवा उघडला. नाव 'गिरणी'.
सोबत टिपण:
'यार्को अलातालो, वय सोळा.
अंतरं बाबांनी पावलांनी मोजून दिली, त्यांचे आभार.
दार क्रमांक तीन उघडत नाही. मला माहीत आहे.
कृपया कळवू नये.'

बंदूक पुढे धरून आत गेले आणि थबकले.
ही जागा माझ्या पायांना ठाऊक होती.
सगळं ठोकळ्यांचं, ठिपक्यांचं,
पण कँटीनचा जिना सातव्या पायरीनंतरच वळत होता.
आई तिथे सूप वाढायची.
लगद्याच्या टाक्यांत यार्कोने हिरवं विष भरलं होतं
(खऱ्या टाक्याही फार वेगळ्या नव्हत्या).
आता तिथे कुंपण आहे, आणि आत बर्फ.

राक्षस सत्तावीस. मारले.
काही गुदामाच्या दारात अडकले होते,
जागच्या जागी पावलं टाकत,
पाळी सुटायची वाट बघणाऱ्या माणसांसारखे.
त्यांना मारताना थोडं वाईट वाटलं.

मग शांतता.
सगळे मेल्यावर नकाशात काय करायचं, ते कुणी शिकवत नाही.
मी चालले.
भिंतींना कान असतात म्हणतात;
इथल्या भिंतींना बिजागऱ्याही असतात,
खांदा लावून बघावं लागतं.
आणि लिफ्टवालीला भिंतीमागची पोकळी कळते.
कागदाच्या रोळांमागे एक तुकडा अर्ध्या छटेने फिका होता.
दाबला. सरकला.

आत हातभर खोली. दिवा मंद.
एक बाक, बाकावर औषधाची पेटी, एकच.
आणि समोर दार क्रमांक तीन,
आतल्या बाजूने.
उघडलं की.

आडनाव शोधून फोन केला.
यार्को आता रोवानिएमीला बस चालवतो.
'कसला नकाशा?' म्हणाला. 'आठवत नाही.'
मी दाराबद्दल सांगितलं.
बराच वेळ पलीकडून फक्त वायपर ऐकू येत होते.

'आतून उघडतंच ते,' म्हणाला. 'खरं दारही तसंच होतं.
बाबा रात्रपाळीत तिथे अर्धा तास पडायचे.
पाठ गेली होती त्यांची.'
'मग उघडत नाही असं का लिहिलंस?'
'फोरमनचा पोरगा माझ्याच वर्गात होता.
तोही खेळायचा.'

'मग खोली केलीस तरी कशाला?'
यावर तो हसला, की खोकला, कळलं नाही.
स्टॉपवर माणसं उभी आहेत म्हणाला,
ठेवून दिला.
बाबांचं नाव विचारायचं राहिलं.

आत्ता रात्रीचे दोन.
मी परत गिरणीत आलेय, बंदूक खाली करून.
बाकावर कुणी नाही.
पेटी मी उचललेली नाही.
दार क्रमांक तीन माझ्या मागे आपसूक लागलं,
त्या काळच्या खेळांत लागायचं तसं.