किरकोळ नोंद

आधी वाटलं, आजारी आहे.
खोक्यातून बाहेर आली तेव्हा अंगावर केस थोडके,
तेही चुरमडलेले,
शेकोटीच्या फार जवळ राहिलेल्या लोकरीसारखे.
कान वटवाघळाचे. मिशा वाकड्या,
निम्म्यात तुटलेल्या.
सिद्राम हमाल म्हणाला, "हिला कुणी भाजली काय ओ?"

तात्या चौगुल्यांची प्रणोती जर्मनीला गेली
आणि मांजर गाळ्यावर आलं.
बंगल्यात नको, तात्या म्हणाले,
आईचा चातुर्मास चालू आहे.
सांगलीचं मार्केट यार्ड, हळदीची अडत,
एकतीस वर्षं दिवाणजी मी.
माझ्या कामात हे कुठं बसतं?

प्रणोतीनं दोन पानं लिहून ठेवली होती.
काका, ब्रश लावू नका, केस तुटतात.
तळहात पुरतो.
कानात मळ साचतो, मंगळवारी पुसा.
कातडी तेलकट होते, कोमट पाण्यानं आंघोळ घाला.
थंडी सोसत नाही तिला.
दर सोमवारी वजन करा. कळवा.
नाव पर्ल.
हमालांनी दोन दिवसांत पर्लाक्का केलं.

वजनाचं मला जमण्यासारखं होतं.
पोत्यांच्या काट्याला ती कळलीच नाही,
म्हणून नमुन्याचा लहान काटा काढला.
दोन किलो आठशे चाळीस.
कच्च्या वहीत लिहिलं, किरकोळ सदरात,
चहा आणि सुतळीच्या खाली.

"जन्म म्हशींत गेला माझा," डॉक्टर बोलले,
आणि तिच्या पोटावर हात फिरवत राहिले,
तपासणीला लागतो त्याहून जास्त वेळ.
सगळ्यांचं तेच व्हायचं.
मऊ म्हणता येत नाही. मऊ ससा असतो.
कृष्णेच्या वाळूत पाणी ओसरताना
ज्या रेघा ठेवून जातं,
त्या रेघा. पण कोमट.

आमचे हात पिवळे. घासले तरी पिवळे.
जो हात फिरवी त्याची बोटं तिच्या पाठीवर उमटत.
आठवडाभरात पांढरं मांजर
हळदी लागलेल्या नवरीसारखं हिंडे.

खाण्याचं अवघड. गाळा जैनांचा.
पाकिटावर काय लिहिलंय ते तात्यांनी वाचलं नाही,
चष्मा डोळ्यांवर असून.
मीही वाचून दाखवलं नाही.
उकडलेलं अंडं सिद्राम फाटकाबाहेर द्यायचा,
जुन्या पावतीच्या कागदावर,
आणि चूळ भरून आत यायचा,
खाल्लेलं तिनं असलं तरी.

मार्गशीर्षात काटा खाली आला.
दोन सहाशे दहा.
त्या सोमवारी मी जर्मनीला कळवलं नाही.
दिवसा ती कॉम्प्युटरच्या डब्यावर बसे,
मग उन्हामागं सरकत राजापुरीच्या थप्पीवर.
रात्रीचं काय?
बायकोच्या स्वेटरची बाही कापून
चार भोकं पाडली. ती घालून ती
तिरकी चालली, रागावून, आणि पडली.
सिद्राम हसला. मला हसू आलं नाही.

पुढच्या शनिवारी आंघोळ घातली. लख्ख झाली.
रविवारी यार्ड बंद.
सोमवारी शटर वर केलं तर
पाठीवर पिवळे पट्टे, ताजे.
चार बोटं, एका बोटात
अंगठीएवढी जागा कोरी.
पोत्यावर रबरी पिशवी गरम पाण्याची,
अजून किंचित कोमट.

गाळ्याच्या किल्ल्या दोनच.

तात्या दहाला आले. गादीवर बसले.
हळकुंड मोडलं, वास घेतला.
"ते मांजर आहे का अजून?"
आहे म्हणालो.
त्यांनी मान वळवली नाही.
मी काटा मांडला. ती आपणहून चढून बसली,
आता सवय झाली होती तिला.
दोन सातशे पाच, मी मोठ्यानं म्हणालो, लिहायला घेतलं.

"त्यातली पाच ग्रॅम हळद असंल,"
तात्या वर न बघता म्हणाले,
"वजा करा."