लक्षणं नाहीत

उणे ऐंशीतून काढलेला तुकडा,
नखाएवढा, मेंदूच्या देठाजवळचा.
नळीवर माझंच गिचमिड अक्षर:
मेंढी एकतीस. चौदावा महिना. लक्षणं नाहीत.

म्हणजे ती चरत होती.
पावलं सरळ पडत होती,
कुंपणाच्या खांबाला अंग घासत नव्हती अजून.

पडद्यावर वीस हजार जनुकं, प्रत्येकाला एक चौकोन.
आवाज चढला तर लाल, बसला तर निळा.
याला आम्ही अभिव्यक्ती म्हणतो.
पोथी सगळ्या पेशींपाशी एकच असते;
कुठलं पान कोण किती मोठ्यानं वाचतं, फरक तेवढाच.

आधी लाल झाले ते राखणदार,
केरकचरा उचलणाऱ्या पेशी,
त्यांच्यामागोमाग ताऱ्यांच्या आकाराच्या.
आत कुणीतरी थाळ्या बडवत होतं
चौदाव्या महिन्यातच,
आणि ती हिवाळी गवत चघळत उभी होती.

मग मी ते एक जनुक शोधते
ज्याच्या प्रथिनामुळे हे सगळं.
ते ना लाल, ना निळं.
रोज बोलायचं तेवढंच बोलतंय,
एक अक्षर इकडचं तिकडे नाही.
त्यानं विणलेलं कापडही बिनचूक.
फक्त कुठेतरी घडी चुकली,
आणि चुकलेल्या घडीला टेकून ठेवलेली दुसरी
तिच्याकडे बघून तशीच दुमडली.
वाण तोच.
गुण लागला.

मी आठ वर्षांची होते.
आमच्या दरीत ओढा ही सरहद्द होती;
पलीकडचं जनावर अलीकडे आणायचं नाही, असा कायदा.
बाबांनी पलीकडच्या थॉरग्रीमुरचा एडका आणला,
ऑक्टोबरच्या रात्री, तारेखालून, तोंडाला फडकं बांधून.
त्याची शिंगं देखणी होती.
दुसरं काही कारण असेल तर मला माहीत नाही.

तिसऱ्या शरदात, डोंगरावरून कळप उतरवताना
फ्लेका मागे राहिली. ठिपक्यांची, माझी.
मागचे पाय दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे टाकत होती.
पाठ खाजवली की ओठ हलवत राहायची,
नसलेलं काही खात.
“उवा असतील,” बाबा म्हणाले.
दुसऱ्या दिवशीही म्हणाले, “उवाच.”

आमच्याकडे या रोगाला रीदा म्हणतात.
शब्दाचा अर्थच थरथर.

मग गाड्या आल्या. तीनशे बारा मेंढ्या.
वहीत प्रत्येकीचं नाव होतं, आईचं, आईच्या आईचं.
मेंढवाड्याच्या फळ्या जाळल्या,
अंगणातली माती हातभर खरवडून नेली.
वही न्यायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती राहिली.

बाबा नंतर अठरा वर्षं किनाऱ्यावरच्या कारखान्यात होते,
कोळंबीच्या पट्ट्यावर, रात्रपाळीला.
घरी यायचे ते खारट आणि ओले.
एडक्याचा विषय आमच्या घरात कधी निघाला नाही.
शब्द त्यांच्यापाशी असणार, सगळे, जागच्या जागी.
अभिव्यक्ती नव्हती.
मी त्यांना दगड म्हणायचे. एकदा तोंडावर म्हणाले.
त्यांनी बूट काढून दाराशी नीट जोडीनं ठेवले.

आज या लाल चौकोनांपुढे बसल्यावर
एवढ्या वर्षांनी आठवलं ते हे, की
“उवा” म्हणताना त्यांचा हात
फ्लेकाच्या मानेवर होता, लोकरीत खोल.
तिथून मला थरथर दिसली होती.
मी ती मेंढीच्या नावावर मांडली.