डाव्या चाकामागची पोकळी

लिएपायात फेब्रुवारीत रेझिन वाळत नाही.
हार्डनरचे थेंब मोजून टाकले, आठ, मग आणखी तीन,
शेवटी व्हिझ्माचा केस वाळवायचा ड्रायर
डिकीत तोंड घालून तासभर धरला.
शेजारचा एवाल्ड्स खिडकीतून ओरडला,
गाडीला न्हाऊ घातलंस का रे?

जुन्या व्होल्वोच्या डिकीत, डाव्या चाकाच्या मागे,
पत्र्याच्या दोन पदरांमध्ये एक जागा आहे.
कंपनीने ती कशासाठी सोडली, कुणास ठाऊक.
आत एक मेलेली गांधीलमाशी होती
आणि कुठल्याशा पोराचा एकुलता हातमोजा.
मी आधी चिकटपट्टी लावली, वर चंदेरी कागद,
वर काचतंतूंची चटई, वर रेझिन,
असे पाच थर.
सुकल्यावर ओढून बाहेर काढलं
तर ते त्या पोकळीचंच अंग:
एकीकडे पोट सुटलेलं, खांदा पडलेला,
कोपराशी खळी.
कुणीच कधी पाहिलं नव्हतं तिला.
मला जरा संकोचल्यासारखं झालं.

किती लिटर, हे कळायला हवं होतं.
सासूबाईंच्या तळघरातून करड्या वाटाण्यांचं पोतं आणलं,
मापामापाने ओतलं.
अठरा लिटर आणि वर एक मूठ.
त्या वर्षीच्या वाटाण्यांना बोटीच्या कारखान्याचा वास आला.
अजून ऐकवतात.

लपवायचं कशाला, व्हिझ्मा म्हणाली, चोरांना भितोस?
हो, म्हटलं.
चोराने न्यावं असं त्या गाडीत
दुसरं काहीही नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

खरं तर बाबा.
तेओडोर्स. चाळीस वर्षं चर्चच्या ऑर्गनचे भाते शिवले,
मेंढीचं कातडं, सरसाचा डबा, गुडघ्याखाली पोतं.
सगळ्यात लांब नळीचा सूर, ते म्हणत,
कानाचं काम नव्हे.
आधी बाक ऐकतं, मग ढुंगण, मग माणूस.
आणि गाडी दणदणवत जाणारी पोरं दिसली की
काठी उगारून: डबडी बडवणारे!

मी त्यांच्यातलाच होतो एकोणिसाव्या वर्षी,
तीन गल्ल्या अलीकडे आवाज बंद करून
सभ्यपणे घरी येणारा.
आता शेहेचाळीसचा आहे.
अजून तिसऱ्याच गल्लीत हात बटणाकडे जातो.

करडं कापड ताणून बसवलं, जुन्याइतकंच मळकं.
वायर दाराच्या उंबऱ्याखालून, फ्यूज बॅटरीपाशी,
दहा इंची सबवूफर जाळीमागे, जाळी कापडामागे.
पहिल्या दणक्याला नंबरप्लेट थरथरली.
तिच्यामागे स्पंज घातला.
मग जॅक वाजला. मग पाना.
मग मागच्या सीटखाली काहीतरी, जे अजून सापडलेलं नाही.
खर्ज गाडीतलं ढिलं तेवढं हुडकून काढतो.
आठवडाभर मी नुसता आवळत होतो.

शनिवारी बाबांना घेऊन बटाटे आणायला निघालो.
त्यांच्या कानांचा वरचा मजला केव्हाच रिकामा झालाय:
पाखरं गेली, फोनची घंटी गेली, व्हिझ्मा गेली.
मी ऑर्गनची एक जुनी ध्वनिफीत लावली, हळू.
पहिली पाच मिनिटं ते धुक्याकडे बघत होते.
मग तो सूर आला, सगळ्यात खालचा,
आणि त्यांनी तळवा सीटवर टेकला.
समोर पाहिलं. मागे. मग छताकडे.
खर्जाला दिशा नसते,
हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

कुठून येतंय?
काय कुठून, मी म्हटलं.
ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले,
भाता ओढतोय. तिसऱ्या घडीला चीर आहे.
कुणी शिवलाय हा?

शेतावर मी पैसे देत होतो
तोवर त्यांनी डिकी उघडली.
बोटाच्या पेराने तळ वाजवला, मग उजवी भिंत,
मग डावी. पुन्हा डावी, वीतभर खाली.
कान लावला नाही,
नुसता हात ठेवून उभे राहिले, वाऱ्यात, टोपी धरून.

पोतं उजवीकडे ठेव, म्हणाले,
डावीकडे दमट आहे.