लाइन चालू आहे की बंद

आठ पानांचा अर्ज. शाहीन मॅडमनं खाटेशी बसून
एकेक ओळ वाचून दाखवली.
दोन गट पडतील, धनराजभाऊ.
एका गटाच्या पाठीत खरा करंट जाईल, अगदी बारीक.
दुसऱ्याच्या पाठीवर नुसत्या पट्ट्या, जेल
आणि मशीनचा हिरवा दिवा.
तुम्ही कुठल्या गटात, तुम्हाला कळणार नाही.
मलाही नाही.

मला हसू आलं. फार दिवसांनी.
बावीस वर्षं लाइनमन होतो मी.
कोराडीच्या चिमण्या जिथून दिसतात
तिथवरची एकेक डीपी ओळखीची.
तारेजवळ मनगट नेलं की हातावरची लव उठायची
आणि सांगायची: चालू आहे.
त्या दिवशीही सांगत होती.
मी कागदावर विश्वास ठेवला. कागदावर लाइन बंद होती.

तेव्हापासून बेंबीखाली मी म्हणजे
कुणाचं तरी सामान,
चुकून माझ्या घरी उतरवलेलं.

सोमवारी टाचणी असते.
डोळे मिटा. टोचतं की नुसतं लागतं?
बेंबीपाशी टोचतं. चार बोटं खाली कापूस.
आणखी खाली मॅडमचा हात पोचला
हे त्यांच्या बांगडीवरून कळतं.
शून्य, लिहितात त्या. शून्य. एक. शून्य.
कुलूप लावलेल्या घराचं रीडिंग घ्यावं तसं.

शेजारच्या खाटेवर मंगलू उईके, देवलापारचा,
मोहोळ काढायला चढला होता. एकोणीस वर्षांचा.
"काका, तुमाले खरा भेटते का खोटा?"
"काय माहीत बे."
"मले त खराच वाटते. रात्री पायाले मुंग्या येते."
मग थोडा थांबून,
"खोट्यानं बी मुंग्या येत असतीन का?"

ललिताच्या मोबाइलचा गजर दर दोन तासांनी.
उठते, मला कुशीवर वळवते,
टाचा बघते, माकडहाड बघते,
नळी, पिशवी, वेळ, किती मिली,
मुलीच्या जुन्या भूगोलाच्या वहीत मांडून ठेवते.
तिच्या हातांना
कुठल्याच गटात घातलेलं नाही.

मे लागला. शेहेचाळीस.
छातीवर घामाच्या धारा, मांड्या कोरड्या ठाक.
वरचा अर्धा नागपुरात आहे,
खालचा कुठे असतो कोण जाणे.

आणि एका दुपारी, तिसऱ्या आठवड्यात,
पाठीला पट्ट्या लावलेल्या असतानाच
लाइट गेली.
कूलर घरघरत थांबला, वाळ्याचा वास खाली बसला,
हिरवा दिवा विझला.
मॅडम म्हणाल्या, सुरूच ठेवा. डावा अंगठा.
मनातल्या मनात ढकला.

मी ढकललं. कशानं ढकललं विचारू नका.
अंधाऱ्या गोदामात भिंत चाचपत
स्विच शोधतात तसं काहीतरी.

अंगठा हलला.

मंगलूनं आधी पाहिला. ओरडला.
मॅडम वाकल्या, बांगडी वाजली नाही.
झटका असू शकतो, म्हणाल्या. पुन्हा.
पुन्हा काही नाही.
पुन्हा.
एवढा, तांदळाएवढा, किंवा आम्हा तिघांना तसं वाटलं.

हे नोंदीत धरता यायचं नाही, मॅडम म्हणाल्या,
मशीन बंद होतं.
तरी त्यांनी वहीच्या मागच्या पानावर वेळ लिहिली,
दोन वाजून चाळीस, आणि पुढे काहीच नाही.
ललिता अंगठ्याकडे बघत उभी राहिली,
जसं जावई येऊन दारात थांबावा
आणि आत या म्हणायला शब्द सापडू नये.

उकाडा वाढत गेला. पुठ्ठ्यानं वारा घालत होती ती.
मी मात्र फॉल्टचा विचार करत होतो.
जम्पर उडाला असेल. या उन्हात,
तापलेल्या खांबावर, कुणीतरी नवा पोरगा,
कंबरेला पट्टा, खिशात परमिट.
लव काय म्हणते ते ऐक रे बाबा.

तीन वीसला कूलर खडखडला.
हिरवा दिवा आला. मॅडमनं घड्याळ पाहिलं.
माझी नजर दिव्यावर नव्हती.

लाइन आली,
म्हणजे तो उतरला खाली.
आपल्या पायांनी.