जोखमीचा माल

तिथं दुपारचे तीन, इथं साडेसात.
भट्टी नुकतीच ओतून झाली आहे,
ऑफिसच्या काचेवर अजून तांबूस उजेड हलतोय,
आणि मी डबा बाजूला सारून
लंडनमधल्या एका समितीची बैठक बघते आहे.

घोड्याच्या नालासारखं टेबल, अकरा माणसं,
कुणीही न उचललेले पाण्याचे ग्लास.
पांढऱ्या केसांची एक बाई चष्मा कपाळावर सारून विचारते,
उत्तर आयर्लंडात उतरलेला माल
तिथून पुढं सरकणार नाही, हे नक्की ठरवतं कोण?
साक्षीदार घसा साफ करतो.
परिशिष्ट. पोटकलम. तळटीप.

मी ठरवते, बाई.
मृदुला नेजदार, निर्यात विभाग, शिरोली एमआयडीसी.
पंपाचं बिडाचं हाउसिंग, नग चौदा किलो दोनशे,
महिन्याला सहाशे बर्मिंगहॅमला, नव्वद बेलफास्टला.
साचा तोच, वाळू तीच, ओतणारा हात तोच.
नव्वदांसाठी फक्त एक कागद जास्त.
सही तिकडच्या गिऱ्हाइकाची,
पण लिहून मागतात माझ्याकडून:
हा माल जोखमीचा नाही.

जोखीम म्हणजे फुटणं नव्हे, गंजणं नव्हे.
जोखीम म्हणजे चौदा किलोच्या त्या ठोकळ्यानं
एखाद्या रात्री कुणाला न सांगता
डब्लिनची वाट धरणं.

हे मी दस्तगीर मुजावरांना सांगितलं तेव्हा
ते वाळू चाळत होते.
हात न थांबवता म्हणाले,
“कुनाला धोका म्हनायचा वो म्याडम,
आपल्या बिडाला, का त्यास्नी?”
मी म्हटलं, मधे समुद्र आहे, दोन्ही काठांना राज्य एकच,
पण मधे नाका बसवलाय.
“मंग आपल्या जकात नाक्यागत.”

आमचे वडील त्याच नाक्यावर कारकून होते.
लोखंडी सळईनं पोतं टोचायचे,
गुळाच्या रव्यांवर बोट आपटून वजन सांगायचे,
पावतीपुस्तकाची निळी शाई मनगटापर्यंत.
एकदा महापालिकेची समिती आली तपासणीला.
त्यांनी खळीचा शर्ट घातला,
सात वर्षांची पुस्तकं दोऱ्यानं बांधून टेबलावर रचली.
समितीनं एकच प्रश्न विचारला:
संडास कुठं आहे?

पुढं जकात गेली. पुस्तकं वाळवीनं तपासली,
पान न् पान.

म्हणून ही बाई मला आवडली.
तिनं तोच प्रश्न तीनदा विचारला.
तिसऱ्यांदा आवाज खाली आणून:
या जास्तीच्या कागदापायी
किती माल यायचाच थांबला?
साक्षीदारानं शेजारच्याकडं पाहिलं,
शेजारच्यानं फाइलकडं.
“नेमकी आकडेवारी उपलब्ध नाही.”

आहे की.
हिरव्या पुठ्ठ्याची वही, डावीकडून तिसरा रकाना.
नव्वद. नव्वद. साठ. साठ.
दिवाळीनंतर पस्तीस.
गेल्या महिन्यात गिऱ्हाइकाचा मेल, फार सभ्य,
की आता आम्ही जवळपासच बघतो आहोत.
दुसऱ्या पाळीतले दोघे साचेवाले कमी झाले,
एकानं उजळाईवाडीला टायरचं दुकान टाकलंय.
हे कुठल्या परिशिष्टात घालतात
मला माहीत नाही.

अध्यक्ष सगळ्यांचे आभार मानतात.
मंत्र्यांना पत्र लिहू, म्हणतात.
खुर्च्या सरकतात. कॅमेरा चालूच राहतो,
एक पोरगा येऊन ते भरलेले ग्लास
ट्रेमध्ये गोळा करत जातो.

खाली दस्तगीरचाचांची चाळणी अजून हलतेय.
वाळू खाली जाते. वर उरतं
ते ते उचलून बघतात, उजेडाकडं धरतात:
एक खिळा, जुन्या ओतकामाचा कपचा,
कुणाच्या तरी शर्टाचं बटण.
बटण खिशात टाकतात.

मी उरलेल्या पस्तीसांचा कागद भरते.
चौकोनात बरोबरची खूण,
कडेच्या बाहेर थोडी गेलेली.

साडेआठची बस.
“कुठं?”
जकात नाका, एक.
कंडक्टर तिकीट फाडतो.
वीसेक वर्षांचा असेल. जकात म्हणजे काय,
त्यालाही कुणी विचारलेलं नसणार.