काखा वर

मुशियाच्या धक्क्यावर एलादिओला
तोंडावरून नाही, वासावरून ओळखतात:
ऑक्टोपस, डिझेल, ओला दोर.
तीस वर्षांत तो त्याला स्वतःला कधी आलाच नाही,
आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, तसा.

त्याची सबेला, चौदाची,
उत्तर येत असून वर्गात हात वर करत नाही.
कोपरं बरगड्यांना शिवल्यासारखी.
काखेत लाल चट्टे, शर्टाची शिवणसुद्धा चावते.
दुकानातल्या तीन कांड्या झाल्या,
फुलांच्या, बर्फाच्या, कसल्याशा जंगलाच्या,
तिन्हींनी जाळलं.
फार्मसीवाल्या बाईंनी शेवटी काखा वर केल्या.
त्यांना तरी करता येतात, सबेला म्हणाली.

आई झ्युरिकच्या हॉटेलात चादरींना इस्त्री करते.
रविवारी तिने फोनवर कृती सांगितली,
लाँड्रीतल्या कुणा पोर्तुगीज बाईची,
आणि एलादिओने ती
भरती-ओहोटीच्या तक्त्यामागे लिहून घेतली.

पहिला घाणा फसला.
चिमूटभर सोडा म्हटलं होतं.
जाळी विणणाऱ्या हाताची चिमूट ती.
रात्रभर पोर ओला टॉवेल काखेत धरून बसली
आणि बापाशी बोलली नाही
थेट मंगळवारपर्यंत.

बुधवारी सोड्याला हात लावायचा नाही, ठरलं.
एर्मितासच्या पोळ्यांचं मेण, अक्रोडाएवढं.
खोबरेल, या थंडीत बरणीत दगड होऊन बसलेलं,
चमच्याने खरवडून.
आणि मक्याचं पीठ, ते पिवळं भाकरीचं नव्हे, पांढरं,
बोटांत कोवळ्या बर्फासारखं करकरणारं,
ज्यासाठी तो दोन गावं हिंडून आला
आणि जे फळीवर होतंच, मिठाच्या डब्यामागे.
काखेत कळसा नि गावाला वळसा
असं गालिसियात कुणी म्हणत नाही.
म्हणत असते तर त्या दिवशी म्हणाले असते.

वर थोडं झिंक, तान्ह्या बाळांना लावतात ते.
लॅव्हेंडरची बाटली त्याने उघडली, हुंगली,
पुन्हा झाकण लावलं.
या कातडीला फूलही नको.

पातेल्यात पाणी, पाण्यात वाटी, आच मंद.
तो असा उभा, मान थोडी कलती,
इंजिनाचा बिघाड ऐकत असल्यासारखा.
मेण विरघळताना आधी कडा सोडतं,
मग एकदम नाहीसंच होतं.
त्यानंतर ढवळत राहायचं, हात थांबला
की पांढरं सगळं तळाला.

गार झाल्यावर वाटाण्याएवढं
तिच्या कोपराच्या आतल्या मऊ जागी.
एक दिवस थांब, तो म्हणाला. ती दोन दिवस थांबली.
मग फोन केला.
आई, काहीच झालं नाही!
इतकी किंचाळली
की तिकडे आईच्या हातून इस्त्री सुटता सुटता राहिली:
अगं, काय झालं?

वाटी मात्र कामातून गेली.
पातेल्यातही कसं कोण जाणे उतरलं थोडं,
तीन दिवस सूपावर मेणाचे डोळे तरंगत होते.
सबेलाने चमचा ठेवला. त्याने संपवलं.
उरलंसुरलं वाटीतलं
आईच्या कपड्यांच्या खणाला चोळलं,
जो वर्षभर अडकत होता,
उघडून पाहिला, लगेच लावला.

तुम्हाला पण लावू का, सबेलाने विचारलं,
खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी पुढे करून.
मला? मग धक्क्यावर मला ओळखणार कोण?

शनिवारी बोट आत येत होती.
त्याच्या गल्लीतल्या एका गच्चीत कुणीतरी
वाऱ्याशी झोंबत दोरीवर चादर टाकत होतं,
दोन्ही हात पार वर, टाचासुद्धा.
शेजारची असेल, त्याला वाटलं,
आणि दोर फेकायचा तो विसरला.