छाट

पहिल्या महिन्यात राजव्वानं तीन चादरी उसवल्या.
सोलापुरी चादर, ओढून फाटत नाही,
म्हणून ती काठाला बसायची,
नखानं एकेक लाल दोरा सोडवत.
हजेरीच्या वहीतली पानं गेली,
कॅलेंडरातला अख्खा मे महिना गेला.
दुपारी चारला दाराशी उभी :
"कारखाना बंद होईल, सोडा मला."
मी फॉर्मवर लिहिलं : अस्वस्थ. नासधूस करते. पळू बघते.
डॉक्टर म्हणाले, रात्रीची अर्धी गोळी
दुपारीही देऊन बघू.

गोळीआधी मी तिची उशी उचलली.
खाली मे महिना होता.
बोटभर गुंडाळ्या, टोकं दुमडलेली,
लाल दोऱ्यानं बांधलेले
पंचवीस-पंचवीसचे कट्टे.
मी मोजले. एकातही चोवीस नाहीत.
सकाळीच तिला स्वतःचं वय सांगता आलं नव्हतं.

मुलगा रविवारी येतो. नागेश,
एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर असतो.
"चाळीस वर्षं," म्हणाला, "रोज हजार.
आम्ही तिघं भावंडं त्या सुपाभोवतीच झोपायचो,
कात्रीच्या आवाजावर.
मला ओळखत नाही ती आता,
विड्यांचं काय विचारता?"
मग बराच वेळ फरशीकडे बघून :
"सूप असेल घरी. माळ्यावर."

फॉर्मवर एक रकाना असतो, आवडीनिवडी.
त्यात आमच्यापैकीच कुणीतरी लिहिलं होतं :
चहा.

सूप आलं. पत्र्याचा फर्मा आला, गंजलेला.
कात्री आम्ही बोथट करून दिली.
तेंदूची पानं विडी घरकुलातून, महादेवीच्या जावेनं पाठवलेली.
तंबाखूला संस्थेत मनाई, म्हणून ओवा.
राजव्वानं चिमूट नाकाशी नेली,
माझ्याकडे पाहिलं,
आणि दुधात पाणी घालताना सून सापडावी
तशी हसली.
पण बसली. सूप मांडीवर येताच
पाठ ताठ झाली तिची.
पानं ओल्या फडक्यात गुंडाळ, हे तिनंच सांगितलं,
मराठीत नव्हे, तेलुगूत,
आणि अशा घाईनं
की समजायच्या आधी मी उठले होते.

बाहेर बेचाळीस अंश. कूलरला पाणी नाही.
खोलीत फक्त कच्, कच्,
आणि मधेच शेजारच्या पलंगाला दरडावून :
"एन्नि अयिनय्?"
किती झाल्या?
शेजारच्या सरूबाई बारा वर्षं गणिताच्या बाई होत्या.
त्या दर वेळी खरं उत्तर देतात.

चारला मी चेकर झाले.
टेबल, चष्मा, वही.
"व्वा राजव्वा! सगळ्या पास!"
वाटलं, खूश होईल.
तिनं सूप उपडं केलं.
"डोळे फुटले का तुझे?
ही ढिली. हिचं तोंड उघडं.
फुकटची पास मला नको."

ओवा वेचत मी फरशीवर बसले.
उपमा अर्धा सोडला तरी आपण म्हणतो, छान.
कुंकू गालावर लावलं तरी छान.
इतकं छान तर आपण
फक्त परक्यांना म्हणतो.

आता मी खरं तपासते.
विडी उजेडात धरते, चिमटीत दाबते,
छाट बाजूला टाकते.
ती भांडते. तेलुगूत माझ्या सासरचा उद्धार करते.
माझं नाव तिला माहीत नाही,
चेकर म्हणून मात्र कॉरिडॉरच्या टोकावरून ओळखते.

गेल्या रविवारी नागेश समोर बसला पानं कापायला.
वेडीवाकडी कापत होता.
तिनं हातावर फटका मारला.
"कुणाचा रे तू? आईनं काही शिकवलं नाही?"
"शिकवत होती," तो म्हणाला,
"माझंच लक्ष नव्हतं."
तिनं त्याचा अंगठा धरून फर्म्यावर ठेवला,
आणि बराच वेळ
तसाच धरून ठेवला.

आजची नोंद :
तीनशे दहा. छाट सात.
त्यातल्या दोन माझी चूक,
परत घेतल्या.